चुकीचा पाटील

आमच्या लॉ कॉलेजचे ग्रंथपाल कुठल्याही निकालाला 'रद्दबातल' म्हणत नसत. वरच्या कोर्टाने एखादा जुना निकाल चुकीचा ठरवला की ते चष्मा काढून हातात धरायचे आणि म्हणायचे, "गेला बिचारा." वरच्या कोर्टाने नुसती शंका घेतली असेल तर तो निकाल आजारी. मोठ्या खंडपीठाकडे सोपवला असेल तर दवाखान्यात दाखल. ज्याला कुणी हात लावलेला नाही तो ठणठणीत. वाचनालयात शिरणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, की वाचताय तो जिवंत आहे का हे बघितलंत का. आम्हालाही तीच सवय लागली. नया नगरचा एक मुलगा होता, तो रॅकपाशी उभा राहून लांबूनच हाक मारायचा, "सर, ये वाला ज़िंदा है क्या?" आणि सर जागेवरून न उठता सांगायचे, की आहे, पण दम लागतो त्याला, जपून वापरा.

कॉलेज मीरा रोडला, स्टेशनपासून शेअर रिक्षाने दहा मिनिटांवर. इमारतीत खाली दातांचा दवाखाना, त्यावर नाचाचा क्लास, त्यावर आमचे वर्ग आणि सगळ्यात वर वाचनालय. संध्याकाळी नाचाचा क्लास सुरू झाला की काचेची कपाटं थरथरायची. करार कायदा मी ढोलकीच्या तालावर शिकले, त्यामुळे अजूनही एखादं कलम आठवताना माझा पाय हलतो. मी तेव्हा चौतिशीची होते. आम्ही परळची जागा सोडून इकडे आलो होतो, विमा कंपनीतल्या नोकरीचा कंटाळा आला होता, आणि घरी कुणी विचारलं की 'काहीतरी शिकतेय' असं मोघम उत्तर द्यायची मला लाज वाटायची. पहिल्याच दिवशी या गृहस्थांनी मला "या वकीलसाहेब" म्हटलं. मला वाटलं थट्टा करतायत. मग कळलं, सगळ्याच विद्यार्थ्यांना ते असंच म्हणतात, अगदी पहिल्या परीक्षेत नापास झालेल्यांनाही.

गंमत म्हणजे ज्या दिवशी सनद मिळायची त्या दिवसापासून ते अरेतुरेवर यायचे. काळा कोट घालून पेढे द्यायला गेलं की "ये, बस, पाणी पी" सुरू. म्हणजे खऱ्या वकिलाला 'तू' आणि विद्यार्थ्याला 'अहो वकीलसाहेब'. हे असं उलटं का, तर त्यांचं म्हणणं असं, की शिकणाऱ्याला मान द्यावा लागतो, नाहीतर तो पळून जातो. वकील झालेला कुठे जाणार, तो घरातलाच. मला सनद मिळाली तेव्हा त्यांनी "आलीस?" एवढंच विचारलं आणि मी जिन्यात जाऊन रडले. चौतिसाव्या वर्षी सुरू केलेल्या गोष्टीचं एवढं कौतुक मला दुसऱ्या कुणी केलं नव्हतं.

त्यांचं मुख्य काम चिठ्ठ्या. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ते मैद्याची खळ घरून करून आणायचे. रोज सकाळी नवे निकाल वाचायचे, कुणी कुणाला मारलं ते बघायचे आणि मग जुना खंड काढून त्या मेलेल्या निकालाच्या पहिल्या पानावर काळ्या चौकटीची चिठ्ठी डकवायचे. 'गेला', तारीख, कुणी मारलं त्याचा संदर्भ, खाली सही. आजाऱ्यांना लाल चौकट. तीस वर्षं हे चाललं होतं. बाहेर जिन्यापाशी फळ्यावर 'वाचनालयाच्या बातम्या' असायच्या, त्यातही हीच भाषा. एकदा नवा वॉचमन आला, त्याने फळ्यावर वाचलं, 'आज दोन गेले, एक गंभीर.' तो टोपी काढून आत आला आणि हळूच विचारायला लागला, की साहेब, कुणी आपले होते का. सरांनी त्याला बसवून अर्धा तास तो निकाल समजावून सांगितला. वॉचमन जाताना म्हणाला की वय झालं होतं म्हणजे. सर म्हणाले, हो.

पुस्तकाचा कोपरा दुमडलेला दिसला तर शिक्षा अशी, की दुमडणाऱ्याने ते पान सगळ्यांसमोर उभं राहून मोठ्याने वाचायचं. मी एकदा सापडले. ते पान नगरपालिकेच्या गटारांवरच्या कराचं निघालं आणि मी ते शेवटच्या टिपेसकट वाचलं. आजही गटारांवरच्या करात मला कुणी हरवू शकणार नाही, पण तशी केस अजून आलेली नाही.

इंटरनेटला त्यांचा विरोध नव्हता. मोबाईलमध्ये मेलेलेही टवटवीत दिसतात, एवढीच त्यांची तक्रार. एकदा एका मुलाने मोबाईलला प्रश्न विचारून मिळालेला एक निकाल मूट कोर्टासाठी, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यासाठी, छापून आणला. पक्षकार, पान, वर्ष, सगळं झकास. सरांनी तीन दिवस तो निकाल शोधला. चौथ्या दिवशी त्या मुलाला बोलावून ते अतिशय हळुवारपणे म्हणाले, "वकीलसाहेब, हा गेलेला नाही. हा जन्मलाच नव्हता." त्या मुलाने पुढे कधी शॉर्टकट मारला नाही असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी त्याने जेवणाचा डबा उघडला नाही.

फौजदारी कायदे बदलले तेव्हा तर वाचनालयात सुतकाचं वातावरण होतं. दंड संहिता गेली, न्याय संहिता आली. तीनशे दोनचे एकशे तीन झाले आणि चारशे वीस, ज्यांना सगळा देश नावाने ओळखायचा, ते तीनशे अठरात जाऊन बसले. प्राचार्यांनी ठरवलं की जुनी पुस्तकं रद्दीत घालून जागा करायची. सरांनी कपाटांना कुलपं लावली आणि किल्ल्या जानव्याला अडकवल्या. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. नवा कायदा यायच्या आदल्या दिवशी ज्याने चोरी केली, त्याचा खटला जुन्याच कायद्याने चालणार, मग तो किती का वर्षं चालेना. पण हे सांगायला ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन जे ओरडले, ते खालच्या दातांच्या दवाखान्यापर्यंत ऐकू गेलं. दोन पेशंट दात न काढता परत गेले असं म्हणतात. पुस्तकं राहिली.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले त्याच्याकडे येते.

सनद मिळून दीड वर्ष झालं होतं, आणि मला माझी स्वतःची पहिली केस मिळाली. उत्तनच्या एक विधवा ख्रिस्ती बाई. त्यांना मी मावशी म्हणायची. समुद्रकाठी बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालणं हा त्यांचा धंदा. घरापासून मांडवापर्यंत शेजारच्या जागेतून एक पायवाट जायची. त्यांची सासू तिथूनच गेली, सासूची सासू तिथूनच गेली. ती शेजारची जागा कुणीतरी बंगल्यासाठी घेतली आणि वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवून कुलूप लावलं. आता मावशींना डोक्यावर टोपली घेऊन सगळ्या गावाला वळसा घालून डांबरी रस्त्याने जावं लागत होतं. त्यांचं वय पासष्ट, एका गुडघ्यात दुखणं, आणि ओल्या बोंबलांची टोपली कमरेत बाक आणणारी.

मी दावा लावला आणि दावा संपेपर्यंत फाटक उघडं ठेवण्याचा हुकूम मागितला. समोरच्या वकिलांचा मुद्दा एकच, की सरकारी नकाशात ही वाट कुठेच दाखवलेली नाही. मी सरांच्या वाचनालयात जाऊन बसले. एका जुन्या खंडात मला हवा तसा निकाल सापडला, पाटील विरुद्ध पाटील. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की वाट नकाशात नाही एवढ्यावरून वहिवाट नव्हती असं होत नाही. मी तो परिच्छेद वहीत उतरवून घेतला. मग बघितलं तर पहिल्या पानावर काळी चौकट. 'गेला.' खाली सही. मी खंड मिटून जागेवर ठेवला. सरांची चिठ्ठी असली की आम्ही पुढे बघत नसू, आणि मीही बघितलं नाही. त्या निकालाशिवाय मी युक्तिवाद केला, मुद्दा लंगडा पडला आणि कोर्टाने हुकूम नाकारला.

तीन आठवड्यांनी मी दुसऱ्याच कुणाच्या तरी केसमध्ये मागच्या बाकावर बसले होते. एका वयस्कर वकिलांनी पाटील विरुद्ध पाटील वाचायला सुरुवात केली. मला वाटलं, आता न्यायाधीश यांना झापणार. न्यायाधीशांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. मी बाहेर आले, मोबाईलवर शोधलं, मग वकिलांच्या बार रूममध्ये खंड काढून पाहिलं. त्या एकाच खंडात पाटील विरुद्ध पाटील असे दोन निकाल होते, तीस पानांच्या अंतराने. आपल्या ठाणे जिल्ह्यात भाऊ भावावर दावा लावतो आणि दोघेही पाटील असतात, त्याला कोण काय करणार. वरच्या कोर्टाने मारला होता तो दुसरा पाटील, वाटणीच्या केसमधला. माझा पाटील ठणठणीत होता. सरांनी चुकीच्या पाटलाला चिठ्ठी लावली होती.

अपिलाची मुदत संपायला आठ दिवस उरले होते. अपील तर मी करणारच होते, पण सरांना सांगायचं कसं? दोनदा मी त्या इमारतीचा जिना अर्धा चढून उतरले. चूक त्यांची होती, हलगर्जीपणा माझा होता, कारण वकिलाने स्वतः तपासायचं असतं हे मला त्यांनीच शिकवलं होतं. पण न सांगावं तर ती चिठ्ठी तिथेच राहणार, आणि उद्या आणखी कुणाची वाट बंद होणार. तिसऱ्यांदा वर गेले आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

त्यांनी खंड काढला, दोन्ही पाटील सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचले. त्यात पाऊण तास गेला, आणि खाली नाचाचा क्लास चालू होता. मग कापसाचा बोळा पाण्यात बुडवून त्यांनी चिठ्ठी ओली केली आणि कोपऱ्यापासून सावकाश सोडवली. कागद फाटू दिला नाही. तारखेकडे बघून त्यांनी ड्रॉवरमधून त्या वर्षाची डायरी काढली. मला वाटलं, काहीतरी कारण सापडेल, घरी कुणी आजारी असेल, डोळ्यांचं ऑपरेशन असेल. त्यांनाही तेच वाटलं असावं. डायरीत काहीच नव्हतं. साधा मंगळवार होता. ते म्हणाले, "जिवंत माणसाला पुरलं मी." आणि थोड्या वेळाने, "अहो, त्या बाई आज कुठून गेल्या असतील?"

ते 'अहो' मला फार लागलं. दीड वर्ष त्यांनी मला 'तू' म्हटलं होतं. एका चिठ्ठीपायी तो हक्क आपण गमावला असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं, आणि मी कितीही सांगितलं तरी ते 'अहो' सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात होतं, 'दुरुस्ती. पाटील विरुद्ध पाटील जिवंत आहेत. चूक ग्रंथपालांची. या चुकीने एका बाईंची वाट बंद झाली आहे.' प्राचार्य म्हणाले की कॉलेजचं नाव खराब होतं, पुसा. सर म्हणाले, तुम्ही पुसा, मी परत लिहीन. नया नगरच्या त्या मुलाला राहवलं नाही, तो म्हणाला, "सर, मरा हुआ ज़िंदा निकला, ये तो गुड न्यूज़ है ना?" एरवी सर हसले असते.

रविवारी ते माझ्याबरोबर भाईंदरहून बसने उत्तनला आले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात छत्री, जणू कुणाच्या भेटीला वेळ ठरवून निघालेत. मावशी टोपली उतरवून ओट्यावर गुडघा चोळत बसल्या होत्या. सरांनी त्यांना नमस्कार केला आणि सगळं सांगितलं, खंड, दोन पाटील, मंगळवार, सगळं. मी मध्ये म्हटलं की तपासायचं काम माझं होतं. मावशींनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी सरांना विचारलं, "म्हंजे मास्तर, तुमच्या चिठ्ठीनं माजी वाट गेली?"

"हो."

"आनि चिठ्ठी काडली, तर वाट परत येल?"

मला वाटलं, आता ते धीर देणार. ते म्हणाले, "ते मी सांगू शकत नाही. कोर्ट सांगेल. चिठ्ठी काढलीय, एवढंच माझ्या हातात होतं."

मावशी मग म्हणाल्या, "खोटं न्हाय बोलला, बरं हाय," आणि चहा ठेवायला उठल्या. जाताना मी सरांना फाटक दाखवू म्हटलं, तर ते नको म्हणाले. बंद फाटक बघायची त्यांची छाती होत नव्हती.

अपील दाखल झालं आणि तारखा पडत गेल्या. तेवढ्या महिन्यांत त्यांनी तीस वर्षांच्या सगळ्या चिठ्ठ्या पहिल्यापासून तपासायला घेतल्या. डबा खाता खाता तपासायचे, सुट्टीच्या दिवशी येऊन तपासायचे. शेवटच्या खंडापर्यंत पोचले, तेव्हा दुसरी एकही चूक सापडली नव्हती. मी आनंदाने म्हटलं, बघा सर, तीस वर्षांत एकच. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे मी नीट बघत नाहीये." आणि पहिला खंड परत काढला. मला राग आला, खरं सांगते. माणसाने स्वतःशी इतकं निष्ठुर असू नये. मग मीही शनिवारी जाऊन त्यांच्या शेजारी बसायला लागले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

अपिलाच्या दिवशी ते रजा टाकून कोर्टात आले. कॉलेजात कुणाला आठवत नव्हतं की त्यांनी आधी कधी रजा घेतली होती. मी माझा पाटील वाचला. न्यायाधीशांनी विचारलं की हा निकाल खालच्या कोर्टात का नाही दाखवला. मी म्हटलं, चूक झाली, माझी. तेवढ्यात मागे खुर्ची वाजली. सर उभे राहिले होते. बोलले काहीच नाहीत, नुसते उभे. शिपायाने बसायची खूण केली, तरी उभेच. न्यायाधीशांनी मला विचारलं, हे कोण. मी म्हटलं, आमचे ग्रंथपाल. न्यायाधीश म्हणाले, त्यांना बसायला सांगा. मी म्हटलं, "ते बसणार नाहीत, साहेब." न्यायाधीशांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मला पुढे चालू ठेवायला सांगितलं. चाळीस मिनिटं सर तसेच उभे होते. मला त्यांची लाजही वाटली आणि त्यांच्याइतकं जवळचं या जगात कुणी नाही असंही वाटलं.

हुकूम आमच्या बाजूने झाला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत फाटक उघडं ठेवायचं. दावा अजून चालू आहे, तो कधी संपेल ते मला विचारू नका.

फाटक उघडलं त्या दिवशी आम्ही दोघं उत्तनला गेलो. एका बाजूला बंगल्याची नवी भिंत, दुसऱ्या बाजूला दोन माड आणि निवडुंग, मध्ये माणूस टोपली घेऊन जेमतेम जाईल एवढी वाळूची पट्टी. पलीकडे मांडव दिसत होते. सर तोंडाशीच थांबले. त्यांनी विचारलं, "एवढीच?" मी म्हटलं, एवढीच. तीस वर्षं ते वहिवाटीचे निकाल सांभाळत होते, पण वहिवाट अशी असते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

ते चालायला लागले. बुटात वाळू जात होती. मांडवापर्यंत गेले, तिथे उभे राहिले, आणि वळून परत आले. मावशींनी विचारलं, मास्तर, परत कशाला आलात. ते म्हणाले, "हक्क जाण्यायेण्याचा आहे. दोन्ही तपासायला हवेत."

मग ते भिंतीला पाठ लावून बाजूला सरकले आणि मला म्हणाले, "तू पण सरक गं, त्यांना जाऊ दे." मावशींनी टोपली डोक्यावर घेतली आणि आमच्या मधून निघून गेल्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. ऊन चढायच्या आत बोंबील मांडवावर जायला हवे होते.